साडेनऊचा बर्फ

साहेब, तुम्ही माणसांची तोंडं आतून सोलून काढलीत. हात न लावता, आवाज न चढवता, खुर्चीतून न उठता. तुमचं नाव मला माहीत नाही, कारण कागदावर नाव नव्हतं. एक वळणदार सही होती आणि एक गोल शिक्का होता. पण केलंत ते तुम्हीच. मला डोळे नाहीत, म्हणून माझी साक्ष चालणार नाही असं म्हणू नका. डोळे असलेल्यांनी काय दिवे लावले, ते सांगतोच आता.

मित्रांनो, दचकू नका. तुमच्यावर नाही ओरडलो. मी एक जुना फ्रीज आहे. उंचीने तुमच्या वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाएवढा, रंगाने कधीकाळी पांढरा. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे दाराला रबर बसवणारी एक बाई होती. रबर बसवून झालं की ती चारी कडांवरून अंगठा दाबत फिरवायची आणि पुटपुटायची, "हा नाही गळायचा." शंभर फ्रीजना तिने हेच सांगितलं असेल. पण मला ते मनापासून पटलं, आणि पुढे पंचवीस वर्षं मी गळलो नाही.

मला एका मोठ्या इस्पितळाने विकत घेतलं. आधी औषधांच्या खोलीत होतो. मग तिथे काचेच्या दाराचा, अंगावर आकडे लुकलुकवणारा नवा फ्रीज आला आणि माझी रवानगी भंगारात ठरली. त्या दिवशी कॅन्सरच्या वॉर्डातल्या थोरल्या सिस्टर तिथे काहीतरी मागायला आल्या होत्या. त्यांनी माझा वरचा कप्पा उघडून आत हात घातला, दहा मोजले आणि म्हणाल्या, "याचा वरचा मजला अजून कडक आहे. मला द्या."

अशी माझी खरी नोकरी सुरू झाली.

एका खोलीत सहा खुर्च्या होत्या, मागे टेकता येईल अशा. सकाळी माणसं येऊन बसायची आणि त्यांना सुईतून कॅन्सरवरचं औषध दिलं जायचं. ते औषध मोठं कामाचं, पण आंधळं. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी दिसल्या की मारायच्या, एवढंच त्याला कळतं. आजाराच्या पेशी झपाट्याने वाढतात. पण तोंडाच्या आतलं नाजूक अस्तरही रोज झिजतं आणि रोज नवं येतं. औषध तिथेही हाणतं. चार-पाच दिवसांनी तोंडात आग सुरू होते. जीभ, गाल, हिरड्या, थेट घशापर्यंत. तुमचं कधी तोंड आलंय ना, एखादा फोड? तसे वीस धरा. आणि मग त्या माणसाला चारी बाजूंनी सांगा, जेव बाबा, अंगात ताकद यायला हवी.

थोरल्या सिस्टरनी कुठल्याशा प्रशिक्षणात एक साधी गोष्ट ऐकली होती आणि डोक्यात पक्की ठेवली होती. हे औषध टोचायच्या पाच मिनिटं आधी तोंडात बर्फ धरायचा आणि पुढे अर्धा तास धरून ठेवायचा. गारव्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात. औषध रक्तातूनच फिरतं, तेव्हा रक्त कमी आलं की औषधही कमी येतं. यात जादू नाही. सगळ्यांचं सगळं दुखणं टळायचं असंही नाही. पण वीस फोडांचे दोन व्हायचे, आणि दोन फोडांवर माणूस जेवू शकतो. अट एकच. बर्फ आधी हवा. नंतरचा बर्फ म्हणजे नुसतं पाणी.

रोज त्या उकळून गार केलेलं पाणी माझ्या कप्प्यात लावायच्या. सकाळी तो बर्फ स्वच्छ फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडायच्या, आणि मग तुकडे क्षणभर पाण्यात बुडवायच्या. का? धारदार कडेने गाल कापू नये म्हणून. दुसऱ्या एका औषधाला गारवा अजिबात चालत नाही. ते घेणाऱ्या पेशंटना त्या माझ्या आसपास फिरकूही देत नसत. इतकं बारीक लक्ष. त्या सहा खुर्च्यांवर बसून गेलेल्या माणसांनी मला नाव दिलं होतं, थंडेराव. जाताना कोणी माझ्या दारावर थाप मारून जायचं. मित्रांनो, मी तेव्हा फुगून गेलो होतो. खोटं कशाला बोलू?

मग कंडक्टर आला.

बावीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडलेला माणूस. आजार आतड्यात होता. बायको कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला, हाताची बोटं कायम पांढरी पडलेली. डॉक्टर मॅडमनी सांगितलं, "आठ वेळा औषध द्यायचं आहे, तीन-तीन आठवड्यांनी. मधे खंड पडू द्यायचा नाही. खंड पडला की आजार डोकं वर काढतो." बरं होण्याची आशा चांगली होती. हे मी माझ्या मनचं सांगत नाही, मॅडमनीच सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी थोरल्या सिस्टरनी बर्फाची वाटी पुढे केली, तर हा म्हणाला, "सिस्टर, पार्टी आहे की काय? ग्लास विसरलात."

"तोंडात धरा. आणि बोलू नका."

"बोलू नका? अहो, बोलणं बंद झालं तर आजार राहील बाजूला, मीच जाईन."

बायको शेजारी उभी होती. "धरा हो तोंडात. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा अर्धा तास शांतता मिळतेय मला."

"बघा सिस्टर, घरचंच माणूस फितूर."

पण त्याने बर्फ धरला. दात वाजत होते, डोळ्यांत पाणी आलं, तरी अर्धा तास धरला. आणि पाच दिवसांनी तपासणीला आला तेव्हा तोंडात एकच फोड होता, मुगाच्या दाण्याएवढा. दुसऱ्या खेपेलाही तसंच. खुर्च्यांच्या रांगेतून जाताना तो ओरडायचा, "चला, पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे!" आणि ज्यांना आठवडाभर हसू आलं नव्हतं ते हसायचे. तो एकटा सहा खुर्च्यांचं औषध होता. ते कुठल्या यादीत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेच्या मधे तपासणीवाले आले. तिघे होते, हातात फळी आणि फळीला कागद. त्यांनी माझं दार उघडलं.

"हे काय?"

"बर्फ," थोरल्या सिस्टर म्हणाल्या.

"कशाला?"

"पेशंटना तोंडात धरायला. इंजेक्शनच्या आधी."

"म्हणजे खायला."

"खायला नाही. धरायला."

"तोंडात जातो ना? औषधांच्या यादीत आहे?"

"नाही."

"मग खाद्यपदार्थ झाला. लिहून घ्या, वॉर्डात खाद्यपदार्थांचा साठा."

ते गेल्यावर धाकट्या सिस्टरनी कपाळाला हात लावला. "ताई, सुजेवर ठेवायला आहे म्हणाला असतात तर सुटलो असतो. हाडांच्या वॉर्डात परातभर बर्फ पडलाय, त्यांना कोणी काही बोललं नाही."

"मी खोटं का सांगू? चोरीचा आहे का बर्फ?"

मित्रांनो, नीट ऐका, कारण सगळं इथेच फिरलं. तोच बर्फ, तेच पाणी. घोट्यावर ठेवला तर साहित्य, जिभेवर ठेवला तर जेवण. आठ दिवसांनी साहेबांचा कागद आला: वॉर्डातील फ्रीज तत्काळ बंद करावा, बर्फ हवा असल्यास स्वयंपाकघराकडून जेवणाबरोबर घ्यावा. जेवण साडेबाराला येतं. इंजेक्शन साडेनऊला असतं. हा तीन तासांचा हिशेब लहान पोरालाही जमेल. साहेबांना जमला नाही.

माझा प्लग काढला. मला ढकलत बाहेरच्या बोळात नेलं आणि सिस्टरांच्या टेबलासमोर, पेशंट बसतात त्या बाकड्याशेजारी उभं केलं. दोन दिवस माझ्या पोटातून पाणी ठिबकत होतं. मी, कधीच न गळणारा. सफाईवाल्या बाई दोनदा फडकं मारून गेल्या आणि म्हणाल्या, "रडतोय मेला."

बाई, खरं बोललात.

तिसऱ्या खेपेला कंडक्टर आला आणि मला बोळात बघून थबकला. "थंडेराव, तुमची पण बदली?" धाकट्या सिस्टरनी झाला प्रकार सांगितला. तो हसला. "त्यात काय एवढं? लिहा, कंडक्टरचा पाय मुरगळला. बर्फ मागवा. हे बघा, लंगडून दाखवतो." आणि खरंच बोळभर लंगडला, बाकड्यावरच्या बायका हसून हसून वाकल्या.

थोरल्या सिस्टर हसल्या नाहीत. "तीस वर्षांत मी कागदावर खोटं लिहिलं नाही. वर पत्र दिलंय. आठ दिवसांत उत्तर येईल, ते चुकले असतील तर सुधारतील."

"सिस्टर, वरून येणारी बस कधी वेळेवर आलीय?"

त्यांनी लिहिलं नाही. डॉक्टर मॅडमनी औषधाच्या कागदावर 'बर्फ' असं लिहून पाठवलं, तो कागद औषधांच्या खोलीतून परत आला: यादीत नाही. इंजेक्शनच साडेबाराला देता येईल का, म्हणून विचारलं. तर औषध तयार करणारी खोली अकराला बंद होते. साडेनऊला सुई टोचली. साडेबाराला जेवणाच्या ताटात प्लास्टिकच्या पेल्यातून बर्फ आला. कंडक्टरने तो पेला माझ्या डोक्यावर आणून ठेवला आणि म्हणाला, "घ्या थंडेराव, तुमचं उरलंसुरलं."

पाचव्या दिवशी तो बाकड्यावर येऊन बसला. टॉवेल तोंडाशी. थुंकी गिळवत नव्हती, ती टॉवेलात जात होती, लालसर. शेजारच्याने विचारलं, "काय झालं?" त्याने खिशातून नंबराची चिठ्ठी काढली आणि मागे लिहून दाखवलं: थुंकी गिळायलाही तिकीट पडतं आता. शेजारचा हसला. कंडक्टरला हसता आलं नाही, ओठ फाटत होते.

थोरल्या सिस्टरनी जे हातात होतं ते केलं. मीठ आणि खायच्या सोड्याच्या पाण्याने गुळण्या. जेवणाआधी तोंड बधिर करणारं औषध. वेदनेवरच्या गोळ्या, त्याही पातळ करून. बधिर औषधाने दहा मिनिटं मिळायची. दहा मिनिटांत बायको चार चमचे दूध भरवायची, घड्याळाकडे बघत, परीक्षेचा पेपर संपत आल्यासारखी. पाचव्या चमच्याला तो तिचा हात धरून थांबवायचा. तीन आठवडे झाले तरी जखमा सुकल्या नाहीत. वजन अकरा किलो उतरलं. चौथी खेप एकदा पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली. खंड पडू द्यायचा नाही म्हणाल्या होत्या ना मॅडम? पडला.

अखेर चौथ्या खेपेची तारीख मिळाली, औषध थोडं कमी करून. त्या सकाळी बायको थर्मासमधून घरचा बर्फ घेऊन निघाली. फाटकावर रखवालदाराने थर्मास उघडायला लावला.

"ताई, बाहेरचं खाणं आत नाही."

"खाणं नाही हो, बर्फ आहे. यांच्या औषधाचा."

"मग चिठ्ठी दाखवा."

"चिठ्ठी देत नाहीत ना, तेच तर रडगाणं आहे!"

"ताई, माझ्या डोक्यावर कॅमेरा लावलाय. मला पोरंबाळं आहेत. मी काय करू सांगा."

त्याने बर्फ कुंडीत ओतला. ती बोळात येऊन हे सगळं एका दमात थोरल्या सिस्टरना सांगत होती, आणि थर्मास अजून उघडाच हातात होता. थोरल्या सिस्टरचा चेहरा पांढरा पडला. त्या टेबलाशी गेल्या, मागणीचा फॉर्म ओढला आणि लिहिलं. लिहिताना मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती, म्हणून मला कळलं. "पेशंटचा उजवा पाय मुरगळला आहे. सूज. बर्फ एक भांडं, तातडीने." सही केली. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

धाकट्या सिस्टर फॉर्म घेऊन धावल्या. नऊ वीसला परत आल्या. फॉर्मवर लाल शाईने लिहून आलं होतं: एक्स-रे जोडा.

कंडक्टर खुर्चीत बसलेला होता. त्याने फॉर्म मागून घेतला, वाचला आणि खाली लिहिलं: आता पाय खरंच मोडू का? मग तो कागद छातीवर ठेवून डोळे मिटले. साडेनऊला सुई टोचली.

यापुढचं मी थोडक्यात सांगतो. मला सोसत नाही, आणि तुम्हालाही सोसायला नको. अर्धवट बऱ्या झालेल्या तोंडात पुन्हा आग लागली, आधीपेक्षा जास्त. तो वॉर्डात दाखल झाला. नळीने अन्न सुरू झालं. ताप चढला. पाचवी खेप आली नाही. एका दुपारी डॉक्टर मॅडम बोळात बायकोजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आता औषध नको. शरीर घेणार नाही." बायकोने विचारलं, "म्हणजे आजार?" मॅडमनी तिचा पांढरा पडलेला हात हातात घेतला.

सात आठवड्यांनी ती पुन्हा आली, एकटी. मृत्यूच्या दाखल्यावर शिक्का घ्यायचा होता. तोवर थोरल्या सिस्टरनाही कागद मिळाला होता: खोटी नोंद केल्याबद्दल समज, आणि बदली. तीस वर्षांच्या खऱ्या नोंदी कोणी कधी काढून वाचल्या नाहीत. एक खोटी होती, ती एका दिवसात वरपर्यंत पोचली. बदली कुठे, सांगू? हाडांच्या वॉर्डात. परातभर बर्फाजवळ. त्या आपलं सामान पिशवीत भरत होत्या, तेव्हा बायको टेबलापाशी उभी राहिली.

"शेवटचे दिवस बोललेच नाहीत हो," ती म्हणाली. "बोलायचं होतं त्यांना. ओठ हलवायचे आणि रक्त यायचं. पेन दिलं तर हातात धरवेना. काहीतरी सांगत होते मला. काय, ते कळलंच नाही."

थोरल्या सिस्टर म्हणाल्या, "तिसऱ्या वेळीच लिहायला हवं होतं मी. तेव्हा एक्स-रे मागायची पद्धत नव्हती. मिळाला असता बर्फ."

आता हिने त्यांचा हात धरावा, जाऊ द्या म्हणावं, असं तुम्हाला वाटत असेल. तिने दाखल्याची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि निघून गेली. बरोबर केलं. माफी वाटत फिरणं हे काही तिचं काम नव्हतं.

मित्रांनो, मला ठाऊक आहे, कोणीतरी म्हणेल की कंडक्टर आजाराने गेला, बर्फाने थोडाच वाचणार होता? कदाचित वाचला नसता. मी फ्रीज आहे, देव नाही. पण जाताना चार शब्द बोलून गेला असता. बावीस वर्षं ज्याने आवाजावर पोट भरलं, त्याला आपल्या बायकोशी चार शब्द बोलता आले असते. तेवढं माझ्या वरच्या मजल्यात नक्की होतं.

सिस्टरच्या पत्राचं उत्तर त्यानंतर आलं. 'आपले पत्र संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आले आहे.' संबंधित विभाग कोणता, ते लिहिलेलं नाही. धाकट्या सिस्टरनी ते फाईलला लावलं आणि फाईल माझ्या पोटात ठेवली. आता माझ्यात जुन्या फायलीच असतात. दाराला एक चिठ्ठी बांधली आहे, 'निकामी'. येत्या आठवड्यात भंगारवाला येणार आहे म्हणतात.

माझ्यासारख्यांनी अशा वेळी तुम्हाला हात जोडून सांगायचं असतं की जुन्या वस्तू जपा. मी नाही सांगत. मला खुशाल भंगारात घाला, माझ्या पत्र्याचे डबे करा. बर्फ कुठलाही फ्रीज करतो. जपायचं असेल तर ती अर्ध्या तासाची गोष्ट जपा. मोठे झालात, हातात शिक्का आला, तर मारण्याआधी एकदा खाली येऊन बघा, की तो नेमका कुणाच्या तोंडावर बसतोय. तुम्ही बघाल, असा मला भरवसा वाटत नाही. हे साहेबही कधीकाळी लहानच होते.

काल बाकड्यावर एक नवीन बाई येऊन बसली. पत्रं वाटते, पोस्टात. तिचं औषध तेच आहे, कंडक्टरचं. तिने धाकट्या सिस्टरना विचारलं, "या औषधाने तोंड फार येतं म्हणे. त्यावर आधी काही करता येतं का हो?" धाकट्या सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाल्या, "मिठाच्या पाण्याने गुळण्या करत जा."

साहेब, तिची पहिली खेप सोमवारी आहे. आज शुक्रवार. मला समिती नको, चौकशी नको, वर्ग करणं नको. सोमवारी सकाळी साडेनऊच्या आधी त्या बाईच्या तोंडात बर्फ असेल की नसेल? हो की नाही, तेवढं सांगा. आणि या वेळी सहीखाली तुमचं नाव लिहा.